पाळणाघराला परवाना देतं तरी कोण?

प्रश्न: मी हिंजवडीतल्या एका कंपनीत काम करते. कंपनीत तीनशेच्या वर माणसं आहेत. कंपनीचा वाकडमधल्या एका खासगी पाळणाघराशी करार आहे. अर्धी फी कंपनी भरते, अर्धी मी. मुलगी १४ महिन्यांची आहे. महिन्याभरात तीनदा तिच्या दंडावर दात उमटलेले दिसले आणि गेल्या सोमवारी मांडीवर काळानिळा डाग. विचारलं तर ‘मुलं चावतातच हो’. एकदा न सांगता दुपारी गेले, तर १७ मुलं आणि एकच मावशी. फुटेज द्यायला नकार. परवाना मागितला तर शॉप अ‍ॅक्टचा कागद पुढे केला. महिला व बालविकास कार्यालय म्हणतं, ‘हे आमच्याकडे येत नाही’. महापालिका म्हणते, ‘आम्ही फक्त फायरचं बघतो’. मुलीला काढलं आहे, पण तीन महिन्यांची आगाऊ फी परत देत नाहीत. हे पाळणाघर बेकायदा आहे का? तक्रार कुठे करू? (एक आई, पिंपळे सौदागर)

उत्तर:

आधी फुटेजचं बघा, बाकीचं नंतर. कॅमेऱ्याच्या डब्यात जागा भरली की जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं, आणि त्याला फार दिवस लागत नाहीत. आजच ईमेल करा: अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं चित्रीकरण जपून ठेवा. प्रत एचआरला. त्यात इतरांचीही मुलं दिसतात, त्यामुळे तुमच्या हातात प्रत न देण्यात त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. तिथेच बसून बघू द्या, असं मागा. पोलिसांना मात्र ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली मागवता येतं. तुमचं पत्र पोचल्यावर ते ‘पुसलं गेलं’, तर त्याचं उत्तर त्यांना पुढे द्यावं लागेल.

आता परवान्याचं. महाराष्ट्रात खासगी पाळणाघराला स्वतंत्र परवाना देणारा आणि त्याची नियमित तपासणी करणारा कायदा नाही. २०१६ साली खारघरमधल्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. पण परवान्याची जागा आजही रिकामीच आहे. शॉप अ‍ॅक्ट नोकरांच्या कामाच्या तासांचा आणि सुट्ट्यांचा विचार करतो. पाळणाघरात ठेवलेल्या मुलांच्या काळजीशी त्या कागदाचा संबंध नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ ची नोंदणी काळजी-संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या बालगृहांसारख्या संस्थांसाठी आहे. आईबाप सकाळी सोडून संध्याकाळी घेऊन जातात, त्या पाळणाघरासाठी नाही. म्हणजे त्या कार्यालयातल्या बाबूंनी तुम्हाला टाळलं असेल, पण खोटं सांगितलं नाही. तरी ते तोंडी राहू देऊ नका. १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका: खासगी पाळणाघरांच्या तपासणीचे कोणते अधिकार कोणत्या शासन निर्णयाने या कार्यालयाला आहेत? ‘नाही’ हे उत्तर लेखी आलं तरी पुढे उपयोगी पडतं.

तेव्हा ‘परवाना नाही म्हणून बेकायदा’ हा मुद्दा सोडा. तुमची खरी पकड कंपनीवर आहे.

आपल्या कायद्याने पाळणाघराकडे नेहमी मालकाच्या दारातूनच पाहिलं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून जास्त कामगार स्त्रिया असल्या की पाळणाघर हवं होतं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासहून जास्त. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात कलम ११अ आलं आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर ही जबाबदारी पडली. तिथे नुसत्या स्त्रिया मोजायच्या नाहीत, सगळे कर्मचारी मोजायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्ये आहे. त्याच कलमाने आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याचा हक्क दिला आहे. तुम्ही ‘न सांगता’ गेलात म्हणून त्यांनी नाक मुरडलं असेल, तर हे कलम दाखवा.

एचआर म्हणेल, ‘तो व्हेंडर आहे, आमचा संबंध नाही.’ संबंध आहे. सोय पुरवायचं कर्तव्य कंपनीचं आहे. ते बाहेरच्या माणसाकडून पार पाडून घेतलं म्हणून जबाबदारी संपत नाही. एचआरला लेखी विचारा: करारात किती मुलांमागे किती माणसं ठरली आहेत, कंपनीने शेवटची पाहणी कधी केली, मावशींची पोलीस पडताळणी झाली आहे का? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आणि जोडीला मदतनीस धरली आहे. तुम्ही पाहिलं ते १७ ला एक. या सूचना आहेत, नियम नव्हेत. त्या मोडल्या म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पण काळजी पुरेशी होती की नाही, हे ठरवायला याहून बरी फूटपट्टी नाही. पंधरा दिवसांत धड उत्तर आलं नाही, तर पुण्यातल्या अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या आणि पोच घ्या.

पोलिसांचं जरा नाजूक आहे. एका लेकराने दुसऱ्याला चावणं हा गुन्हा नाही. मांडीवरचा डाग मात्र बालरोगतज्ज्ञाला दाखवा आणि तो कशाने झाला असावा, ते कागदावर लिहून घ्या. बोटांची खूण वाटत असेल, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ लागतं: मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने केलेली मारहाण किंवा जाणूनबुजून केलेली हेळसांड. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेत काम करणाऱ्याला किंवा ती चालवणाऱ्याला यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मेख अशी, की २०२१ च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे अदखलपात्र झाले. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून परत पाठवलं, तर हवालदाराशी वाद घालून उपयोग नाही. तपासासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागतो आणि तिथे वकील लागेल. डॉक्टरांना लैंगिक छळाची नुसती शंका आली तरी गोष्ट वेगळी. तेव्हा पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागतो, पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो. त्या घडीला माझ्या उत्तराची वाट बघू नका, १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी फिरवा.

फीसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. अर्धी फी कंपनीची असली तरी तुम्ही ग्राहकच. २०१९ च्या कायद्यात माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा सेवेतली त्रुटी आहे. मुलांची आणि मावशींची खरी संख्या तुम्हाला कधी सांगितली होती का, ते आठवून लिहा. ‘फी परत मिळणार नाही’ ही पावतीवरची ओळ बघून दबू नका. मात्र अख्खा करारच अनुचित ठरवून हवा असेल तर राज्य आयोगात जावं लागतं. एवढ्या रकमेसाठी मी तो सल्ला देणार नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाळणाघराचं नाव आणि मुलीच्या मांडीचा फोटो टाकावासा वाटत असेल. टाकू नका. अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच येईल आणि मूळ तक्रार बाजूला पडेल. आणि त्या एकट्या मावशीला तक्रारीत आरोपी करण्याआधी थांबा. १७ मुलांमागे एक बाई ठेवायचं तिने ठरवलेलं नाही. मालकाविरुद्ध साक्ष द्यायला उद्या तीच उभी राहू शकते.

नवं पाळणाघर बघायला जाल, तेव्हा सकाळी दहाला जाऊ नका. दुपारी दोनला, मुलं झोपलेली असताना जा आणि जागी माणसं किती आहेत ते मोजा.