विज्ञानकथेत माणसाची जाणीव यंत्रदेहात नेली, पण वाचकाला पटत नाही. काय चुकतंय?

तुम्ही दिलेलं कथानक थोडक्यात असं: दिंडोरीकडचे द्राक्ष बागाईतदार नाना, वय ७१, कर्करोग शेवटच्या टप्प्यात. मुलगी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत रोबो बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. ती एका रात्रीत नानांची जाणीव यंत्रदेहात उतरवते आणि सकाळी नाना उठून बागेत जातात. वाचलेले सगळे "पटत नाही" म्हणतात आणि नेमकं काय पटत नाही ते कुणी सांगत नाही.

माझ्या मते तुमच्याकडे यंत्रं कमी नाहीत. तुम्ही एका प्रश्नाला बगल दिली आहे: खाटेवरच्या देहाचं काय झालं?

परकायाप्रवेश मराठी वाचकाला नवा नाही. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात गेले, मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात गेले, आणि दोन्ही कथांत जीव टांगणीला लागतो तो मागे राहिलेल्या देहापायी. शिष्य तो राखत बसतात, कारण परतायचं तिथेच असतं. त्या कथांत आत्मा इथून उठून तिथे जातो. मेंदूतली माहिती अशी उठून जात नाही, तिची नक्कल होते. पेन ड्राइव्हवर फाइल 'हलवतो' तेव्हासुद्धा आधी नक्कल होते आणि मग मूळ पुसलं जातं. तुमच्या कथेत मूळ कोण पुसतं? मुलगी पुसत असेल तर ती कथेतली सर्वांत मोठी घटना आहे, आणि तुम्ही ती दोन परिच्छेदांमधल्या मोकळ्या ओळीत घालवली आहे.

आता आकडे. नाशिकच्या २०२१ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष विज्ञानकथाकार जयंत नारळीकर होते. आपला वाचक आकड्यांना बिचकत नाही, त्याला ते द्या.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि त्यांच्यात अंदाजे १०० लाख कोटी जोडण्या असतात. २०२४ मध्ये मानवी मेंदूच्या सुमारे १ घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. आकारमानाने हा खसखशीचा दाणा. त्याचे पाच हजारांवर काप घेतले, प्रत्येक काप साधारण ३० नॅनोमीटर जाडीचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यात ५७ हजार पेशी आणि सुमारे १५ कोटी जोडण्या निघाल्या आणि चित्रांनी १.४ पेटाबाइट, म्हणजे १,४०० टेराबाइट जागा खाल्ली. पूर्ण मेंदू म्हणजे असे साधारण १२ लाख दाणे. गुणाकार केला की १.७ झेटाबाइट होतात, म्हणजे २० टेराबाइटच्या साडेआठ कोटी हार्ड डिस्क.

पण चित्रं साठवायची गरज नाही, जोडण्यांची यादी पुरते. एका जोडणीला २० बाइट धरा: कोणती पेशी, कोणत्या पेशीला, किती जोराने, कोणत्या रसायनाने. २ पेटाबाइट होतात. म्हणजे १०० डिस्क, एकीचं वजन ७०० ग्रॅम धरलं तर सगळ्या मिळून ७० किलो. एका छोट्या हत्तीत खोकी आरामात मावतील, आणि वजन एका माणसाएवढं. हा तपशील कथेत ठेवाच. त्याची किंमतही दाखवा: चित्रं वाचून लगेच फेकून द्यावी लागतात. संगणकाने एखादी जोडणी चुकीची वाचली तर पुन्हा बघायला ना चित्र शिल्लक, ना मेंदू.

'एका रात्रीत' इथेच मोडतं. समोरून मागे १७ सेंटीमीटरचा मेंदू ३० नॅनोमीटरने कापला तर ५६ लाखांवर काप होतात. सेकंदाला एक काप या अचाट वेगानेही ६५ दिवस लागतात. हिऱ्याची सुरी झिजते, कापाला सुरकुती पडते, एखादा काप फाटतो. एक काप गेला तर संगणक चेतापेशीचा धागा अंदाजाने जोडून घेतो. सलग चार-पाच गेले तर सगळ्यात बारीक धागे, जे जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीचे असतात, एकमेकांत चुकीचे जोडले जातात. नानांना एखादा वास आला की भलतंच काहीतरी आठवावं असं हवं असेल, तर त्याचं कारण इथे आहे.

कापण्याआधी मेंदू पक्का करावा लागतो. मानेतल्या धमन्यांतून ग्लुटाराल्डिहाइड सोडायचं, ते प्रथिनं जागच्या जागी बांधून टाकतं. मग इथिलीन ग्लायकॉल सोडून मेंदू −१३५ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करायचा. या पद्धतीने डुकराचा अख्खा मेंदू सूक्ष्म रचनेसकट टिकवल्याबद्दल २०१८ मध्ये एक पारितोषिकही दिलं गेलं. अडचण अशी की हे रसायन जीव घेतं, आणि हृदय थांबल्यावर प्राणवायूविना चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. म्हणजे नळी मृत्यूच्या आधी लावायची की नंतर, हा निर्णय मुलीला खाटेशेजारी उभं राहून घ्यावा लागतो. आधी लावली तर वडिलांचा जीव तिने घेतला. नंतर लावली तर केशवाहिन्या तुंबलेल्या असतात आणि रसायन काही भागांत पोचत नाही.

तिला नंतर लावू द्या. प्राणवायू कमी पडला की सर्वांत आधी मार बसतो तो हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी जिथे घडतात त्या भागाला. जुनं बरंचसं टिकतं, अलीकडचं जातं. नानांना पहिल्यांदा थॉमसन जातीची द्राक्षं लावली ते वर्ष आठवेल, नातीचं बारसं आठवणार नाही. हातांच्या सवयी दुसऱ्या भागांत असतात, त्या राहतील. घड देठाला धरायचा, मण्यांवरचा पांढरट थर पुसला जाऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या हातांना न सांगता येईल. शेजारी उभी असलेली नात कोण, हे कळणार नाही.

दुसरा मार्ग रोबोशास्त्रज्ञ हान्स मोरावेक यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या कल्पनेच्या जवळचा: माणूस जागा असताना एकेक पेशी काढून तिच्या जागी तिचं काम करणारा कृत्रिम भाग बसवायचा. इथे प्रेत असं कधी उरतच नाही, म्हणून लेखकांना हा मार्ग आवडतो. पण सेकंदाला हजार पेशी बदलल्या तरी पावणेतीन वर्षं लागतात, बागेच्या हिशेबात पाच-सहा छाटण्या. नानांकडे तेवढा वेळ नाही. हा मार्ग सोडा.

नकाशा मिळाला म्हणजे माणूस मिळाला असंही समजू नका. ३०२ चेतापेशींच्या एका कृमीचा नकाशा १९८६ पासून हातात आहे आणि त्याचं वागणं अजून पुरतं उलगडलेलं नाही. कुठल्या जोडणीचा जोर किती, हे नुसत्या आकारावरून नीट कळत नाही. त्यासाठी नाना जिवंत असतानाच महिनोन्महिने नोंदी घ्याव्या लागतील: चाल, आवाज, डोळ्यांची हालचाल, रागाला किती वेळात चढतात. मुलगी वडिलांच्या मागे मोजपट्टी घेऊन फिरते हा प्रसंग मला तुमच्या सगळ्या प्रयोगशाळेपेक्षा जवळचा वाटेल.

यंत्रदेहाकडे वळू. पहिली चूक बहुतेक सगळेच करतात: श्वास विसरतात. मेंदूच्या देठातली श्वासाची लय नकलेतही चालूच राहणार. छाती फुगल्याचा निरोप परत आला नाही तर जागं होताच जीव घुसमटतो. म्हणून मिनिटाला १२ ते १६ वेळा छाती ताणल्याचे खोटे संकेत आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा खोटा आकडा, हे डोळे उघडण्याआधी सुरू हवं. मग आतला कान: मान वळते त्याच क्षणी तोल सांभाळणारा संकेत यायला हवा, उशीर झाला की गरगरतं. हातापायांची लांबी मूळ देहाशी जुळली नाही तर नाना पहिल्या दिवशी पाण्याचा तांब्या उलटा करतील. एका तळहातात स्पर्शाचे सुमारे १७ हजार धागे असतात. तुमच्या यंत्रात त्या जागी ४०० सेन्सर असतील तर बाकीचा हात बधिर वाटणार, बोटांत जाड मोजे घातल्यासारखा.

विजेचा हिशेब वाचकापासून लपवू नका. मेंदू २० वॉटवर चालतो. २०२२ मध्ये जगात सर्वांत वेगवान ठरलेला फ्रंटियर महासंगणक सुमारे २१ मेगावॉट घेतो, म्हणजे एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या एका संचाचा दहावा हिस्सा. तेव्हा एक तर नानांचं मन अंबडच्या संगणकघरात राहील आणि देह बागेत, किंवा २०० वॉटवर चालणारी चिप तुम्ही कल्पनेने बनवाल. मी पहिला पर्याय घेईन. मोबाइलची रेंज गेली की तोल सांभाळणारी यंत्रणा देहातच असल्यामुळे देह पडणार नाही, पण नाना पाऊल उचललेल्या जागी थांबतील. गावातल्या पोरांना रेंज कुठे जाते हे ठाऊक असणारच. चालायला ५०० वॉट धरले तर २ किलोवॉट-तासांची, सुमारे ११ किलोची बॅटरी चार तास पुरते.

त्वचा प्लॅटिनम सिलिकॉनची, दोन-तीन मिलिमीटरची. ती ओतताना लॅटेक्सचे हातमोजे घातले तर त्यातल्या गंधकामुळे सिलिकॉन जमत नाही, चिकट डाग राहतो, व्हिनाइलचे घालायचे. ती फाटते तोंडाच्या कोपऱ्यांत आणि काखेत, बागेत मनगटाशी तारेला लागूनही. बागेत बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण फवारतात आणि त्यातलं मोरचूद ॲल्युमिनिअम खातं. गुडघ्याचा सांधा उघड्या ॲल्युमिनिअमचा असेल तर एका हंगामात त्याला खड्डे पडतील. इतका बारीक दोष दाखवलात की वाचक मोठी कल्पना मुकाट्याने मान्य करतो.

आता पुन्हा खाटेकडे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. नोंद झाली की सातबाऱ्यावर वारस लागतात, नानांची सही संपते आणि मुलीच्या भावाचा हिस्सा उभा राहतो. नोंद केली नाही तर मुलीने प्रेत दडवलं. देहाला अग्नी देऊन अस्थी रामकुंडात जातात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की जमलेले लोक "बागेची काळजी घेऊ", "पोरांना सांभाळू" असे शब्द देऊन बघतात. मुलीला कोणता शब्द द्यायचा ते ठाऊक आहे, आणि चारचौघांत तो उच्चारता येत नाही. ६५ दिवसांचं कापकाम, त्यानंतर जुळणी. म्हणजे नाना डोळे उघडतात तेव्हा त्यांची दशक्रिया कधीच उरकलेली असते आणि भिंतीवर त्यांचाच हार घातलेला फोटो असतो.

म्हणून मृत्यू ऑगस्टअखेर ठेवा आणि जागं होणं फेब्रुवारीत, काढणीच्या तोंडावर. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची, त्यांच्याविना झालेली असेल. सकाळी बागेत शिरल्यावर त्यांना आधी घडांकडे बघू देऊ नका. वेलीजवळ थांबून एक काडी हातात घेऊ द्या, तिच्यावर राखलेले डोळे, म्हणजे कोंब फुटण्याच्या जागा, मोजू द्या आणि विचारू द्या, "छाटणी कुणी केली?"