पारा ४५ वर असताना विमानाला बर्फाचा धोका कसा? बर्फ रोखणारी यंत्रणा कधी लावायची याचा नियम आहे का?

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे जमीन भाजून निघत असताना वरच्या विमानावर बर्फ कसा धरेल, असं तुम्ही विचारलंय. धरतो. त्या दिवसांतही साधारण १५-१६ हजार फुटांवर हवा शून्य अंशाला येते आणि दुपारनंतर उठणारे अवकाळीचे ढग त्याच्या बरेच वर जातात. त्यांच्यात शून्याखालीही न गोठलेले थेंब असतात; पंखाच्या पुढच्या कडेवर आदळले की तिथेच गोठतात.

बर्फ दिसायची वाट बघायची नाही, हे पहिलं. एअरबस-बोइंग जेटमध्ये टॅट, म्हणजे वेगामुळे तापलेल्या हवेचं तापमान, १० अंश किंवा कमी असेल आणि ढग-पाऊस दिसत असेल, तर इंजिन अँटी-आइस, म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी बर्फ धरू न देणारी यंत्रणा, चालू करायचं. एटीआरला (पंख्यांच्या इंजिनाचं छोटं प्रवासी विमान) उड्डाणात ही मर्यादा ७ अंश आहे. उशीर झाला तर साचलेला बर्फ सुटून इंजिनात जातो, पंख्याची पाती वाकतात. क्रूझमध्ये, म्हणजे वर सरळ उडताना, बाहेर उणे ४० पेक्षा थंड असेल तर गरज नसते. पण नागपूरला ढगांतून उतरायचं असेल तर तेवढ्या थंडीतही उतरण सुरू होण्याआधीच स्विच लावायचा. नेमका हाच मुद्दा विसरला जातो.

एटीआरच्या पंखांना रबरी बूट असतात. हवा भरून ते फुगतात आणि बर्फ फोडतात. आधी थोडा थर जमू द्यावा, ही जुनी शिकवण अमेरिकेच्या विमान-नियामक एफएएने मोडीत काढली आहे. पहिल्या खुणेलाच बूट लावायचे.

यंत्रणा आहे म्हणून कुठल्याही ढगात शिरता येत नाही. बर्फात उडण्याच्या प्रमाणपत्राची जुनी चाचणी, म्हणजे नियमांतलं परिशिष्ट अपेंडिक्स सी, सरासरी ५० मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबांची. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ मोठ्या थेंबांत सापडलं. बुटांच्या मागे बर्फाचा वरंबा तयार झाला, एलेरॉन (विमान कलतं करणाऱ्या पंखांवरच्या झडपा) अचानक फिरले, ६८ जण गेले. त्यानंतर तब्बल २० वर्षांनी, २०१४ मध्ये, मोठ्या थेंबांसाठी अपेंडिक्स ओ आलं. माझ्या मते फारच उशिरा. एटीआरच्या बाजूच्या काचेवर, न तापणाऱ्या भागात बर्फ दिसला, तर वैमानिकाने हातातलं कंट्रोल व्हील घट्ट धरून ऑटोपायलट काढायचा, वेग वाढवायचा आणि तिथून बाहेर पडायचं. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली असतील तर बर्फ जाईपर्यंत वर घ्यायचे नाहीत.

गोंदियाच्या बिरसी विमानतळावर विमान चालवायला शिकायला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: छोट्या प्रशिक्षण विमानांपैकी बहुतेकांना बर्फात उडायची परवानगीच नसते. पिटो हीट, म्हणजे नळी तापवणारा हीटर, फक्त वेगमापकाची नळी मोकळी ठेवतो, पंख नाही.