लिस्बनला क्रूझवरून उतरल्यावर: आधी चढ, मग उतार

लिस्बनचं क्रूझ टर्मिनल आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या पायथ्याशीच आहे, त्यामुळे टॅक्सी करू नका. क्रूझ इथेच संपत असेल तर बॅगा आधी शेजारच्या सांता अपोलोनिया स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका. पायऱ्यांच्या गल्ल्यांत चाकांच्या बॅगा ओढणं म्हणजे हाल.

नवखे लोक सपाट म्हणून आधी नदीकाठ धरतात आणि भर दुपारी चढ अंगावर घेतात. उलट करा. सकाळी गारव्यात साओ विसेंते चर्चकडे चढा. मंगळवार किंवा शनिवार असेल तर मागच्या मैदानात जुना बाजार भरतो, तो चुकवू नका. तिथून पोर्ताश दो सोल ही शहर न्याहाळायची जागा: खाली लाल कौलांची उतरंड आणि पलीकडे तेजो नदी. इथे मनसोक्त थांबा. मग ट्रामचे रूळ धरून कॅथेड्रलवरून खाली बायशात, म्हणजे शहराच्या सपाट मध्यवर्ती भागात.

फरसबंदी चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांची. पावलांनी झिजून गुळगुळीत झालेली, पाऊस पडला की साबणासारखी. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूटच हवेत. २८ नंबरच्या ट्रामच्या गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा. परतताना मात्र नदीकाठ धरा, सगळा सपाट.