पोरांची पुराची साइट टिकवायची तर आधी मूळ फोटो न् ऑडिओ ताब्यात घ्या

ताई, चाळीसगावच्या २०२१ च्या पुरावर पोरांनी गूगल साइट्सवर केलेली वेबसाइट, ती बॅच पास होऊन गेली आणि आता कॉलेजचे आयडी बंद होणार, तर साइट टिकवायची कशी असं विचारलंय तुम्ही. काल रात्री बसून पूर्ण पाहिली, जीव लावून केलंय पोरांनी.

३१ ऑगस्टला तितूर-डोंगरी नद्यांना आलेला पूर, कन्नड घाटातली दरड, हे सगळं पेपरात, टीव्हीवर आलं, ते कुठंही सापडेल. पण नंतरचं काय? त्या किराणा दुकानाच्या शटरचे तीन फोटो आहेत ना, पहिल्यात कमरेएवढी चिखलाची रेघ, दुसऱ्यात आत नुसत्या भिजलेल्या गोण्या, तिसऱ्यात दिवाळीचं तोरण, ते तुमच्या पोरांशिवाय कोणाकडेच नसणार. आणि त्या आजीचा ऑडिओ. खाली पोरांनी 'रात्री घरात पाणी आले' असं लिहिलंय, पण आजी म्हणते 'रातले घरमा पानी उनं'. म्हणून म्हणतो ऑडिओ आधी वाचवा, तिची अहिराणी त्या लिहिलेल्या ओळीत उरलेलीच नाही.

साइटवर ऑडिओ-व्हिडिओ नुसते दिसतात, मूळ फाइल कोणातरी पोराच्या ड्राइव्हला असते, आयडी गेला की तीही गेली. तेव्हा आयडी चालू आहेत तोवर एकेकाला फोन लावून गूगल टेकआउटने, म्हणजे आपल्या खात्यातलं सगळं डाउनलोड करायच्या गूगलच्याच सोयीने, सगळं उतरवून घ्या. फाइलींची नावं बदलू नका, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली आतली तारीख पुसली जाते पण नावात बऱ्याचदा २०२१०८३१ असा आकडा, म्हणजे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याची तारीख, राहतो, बऱ्याचदा तोच एक पुरावा उरतो.

मग साइटचं प्रत्येक पान वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या साइटवर, 'सेव्ह पेज नाऊ'ला टाका, नुसतं होमपेज नाही, एकेक पान. नकाशा आणि व्हिडिओ तिथं बऱ्याचदा चालत नाहीत, त्यासाठी आर्काइव्हवेब डॉट पेज हे क्रोमचं फुकट एक्स्टेंशन घ्या, रेकॉर्डिंग चालू करून सगळी पानं शेवटपर्यंत स्क्रोल करायची, व्हिडिओ चालवायचे, नकाशावर क्लिक करायचं, त्याची एक फाइल बनते आणि ती नंतर नेट नसतानाही उघडता येते. दुसऱ्याच्या भरवशावर मात्र राहू नका, थिंकक्वेस्टवर जगभरातल्या शाळकरी पोरांनी केलेल्या हजारो साइट्स होत्या, २०१३ च्या जुलैत ते बंद झालं.

माझ्यावर पण ही वेळ आलीये. आमच्या पोरांची दुष्काळावरची साइट एका फुकट होस्टिंगवर होती, एक दिवस उघडलीच नाही. पेनड्राइव्हमध्ये दीडशे फोटो राहिले, पण खाली ओळी नाहीत. एक बाई कोरड्या विहिरीच्या काठावर दोर गुंडाळत बसलीये, गाव कोणतं, ती कोण, आज कोणालाच सांगता येत नाही. अजूनही तो फोटो उघडला की वाईट वाटतं.

म्हणून एका वहीत नाहीतर एक्सेलमध्ये फोटोगणिक लिहून घ्या, कुठं, कधी, कोणी काढला, आणि त्या माणसाची परवानगी आहे का. पंचनाम्याचे कागद टाकलेत त्यावर आधार नंबर, बँक खातं दिसतंय का बघा, तेवढं वेबॅकला टाकायच्या आधी झाका. एक हार्डडिस्क कॉलेजात, एक गावातल्या वाचनालयात ठेवा. दुकानदाराला आणि आजीच्या घरच्यांना त्यांचा फोटो-ऑडिओ आधी देऊन या, आणि जाताना पोरांपैकी एकाला बरोबर न्या, रेकॉर्डिंगमध्ये मागं कोण बोलतंय ते घरचेच सांगतील.