द्रुतगती महामार्ग टाळून मोटरसायकलवरून लांबचा, निसर्गरम्य प्रवास करायचा असेल, तर मार्ग कसा आखावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: महामार्गाने साधारण दीड हजार किलोमीटर भरणारे दोन शहरांमधले अंतर आठ-नऊ दिवसांत, द्रुतगती महामार्गाला चाक न लावता कापायचे आहे, नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ‘महामार्ग टाळा’ हा पर्याय निवडून पाहिला, तरी मिळणारा रस्ता रटाळच वाटतो, मग आखणी करायची तरी कशी?

सुरुवात त्या रटाळपणाच्या कारणापासून करतो, कारण ते एकदा ध्यानात आले की निम्मी आखणी सोपी होते. अ‍ॅपला महामार्ग टाळायला सांगितले तरी त्याचे मूळ काम बदलत नाही. ते वेळ वाचवण्याचेच गणित मांडत राहते, फक्त त्यातून सर्वांत वेगवान रस्ता वगळलेला असतो. साहजिकच ते आपल्याला दुसऱ्या क्रमांकाच्या वेगवान रस्त्यावर नेऊन सोडते, आणि तो बहुतेक वेळा द्रुतगती मार्ग होण्यापूर्वीचा जुना हमरस्ता असतो, म्हणजे त्याच सपाट पट्ट्यातून, तीच शहरे जोडत, नव्या रस्त्याला समांतर जाणारा. टोल चुकवणारे ट्रक त्याच्यावर, गोदामे आणि कारखाने त्याच्या कडेला, आणि दर गावात सिग्नल व गतिरोधक. महामार्गाचा कंटाळा तसाच राहतो आणि वेग मात्र हातचा जातो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, महामार्ग ज्या पट्ट्यातून जातो तो पट्टाच टाळावा. नुसता रस्ता टाळून भागत नाही.

त्यासाठी नकाशा उघडल्यावर रस्त्यांकडे नंतर आणि डोंगर-नद्यांकडे आधी पाहावे. उंचसखलपणा दाखवणारा नकाशा लावून दोन्ही शहरांमधल्या पर्वतरांगा, मोठ्या नद्यांची खोरी आणि पाणलोटाच्या सीमा शोधाव्यात. द्रुतगती मार्ग बांधणारे अभियंते रुंद खोरे धरतात आणि आडवा आलेला डोंगर बोगद्याने भेदतात. जुने रस्ते मात्र घोडे आणि गाड्या ओढणाऱ्या जनावरांना झेपेल एवढाच चढ ठेवून बांधलेले असल्यामुळे ते डोंगराच्या उतारावर वळसे घेत चढतात. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता १८२० ते १८२५ या काळात बांधला गेला. २,७५७ मीटर उंचीवर पोहोचण्यासाठी त्याच्या एकाच बाजूला ४८ तीव्र वळणे घ्यावी लागली, आणि आज जगभरचे दुचाकीस्वार नेमके त्याच वळणांसाठी तिथे जातात. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या नकाशावरच्या रेषा, जिथे दाट होतात आणि रस्ता त्यांना तिरपा छेदत जातो तिथे घाट असतो. रस्ता एकाच रेषेला धरून बराच काळ चालतो तिथे डोंगराच्या कडेने जाणारा, सहसा मोकळ्या दृश्याचा टप्पा असतो. अरुंद खोऱ्यात मुख्य रस्ता आणि रेल्वे नदीच्या एका काठाने जात असतील, तर दुसऱ्या काठाने धाकटा रस्ता आहे का, हे आवर्जून पाहावे. असा रस्ता असला तर तो बहुधा रिकामा असतो.

कागदी नकाशाला अजूनही पर्याय नाही असे मला वाटते, निदान पहिल्या बैठकीसाठी तरी, कारण पडद्यावर पूर्ण प्रदेश आणि लहान रस्ता एकाच वेळी दिसत नाहीत. एक पाहायला गेले की दुसरे नाहीसे होते. युरोपपुरते बोलायचे तर मिशलिनच्या नकाशांवर निसर्गरम्य रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते आणि ती रेघ भरवशाची असते. संगणकावर काम करायचे असेल तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी कर्व्हिगर किंवा कॅलिमोटोसारखी साधने वापरावीत. ती वेळेऐवजी वळणांना महत्त्व देऊन रस्ता सुचवतात आणि वळणांचे प्रमाण कमी-जास्त करण्याची सोय देतात. हे प्रमाण मधल्या पायरीवर ठेवावे असे मी सुचवेन. सर्वांत वरच्या पायरीवर यंत्राला वळण दिसले की पुरे होते, मग ते खिंडीतले असो की वस्तीतल्या गल्लीबोळातले.

आता प्रत्यक्ष आखणी. दोन टोके धरून मधली रेषा ओढण्यापेक्षा आधी टप्पे निवडावेत. प्रत्येक दिवसासाठी ऐंशी ते सव्वाशे किलोमीटरचा एक असा तुकडा ठरवावा की ज्याच्यासाठी तो दिवस खर्ची घालायचा आहे: एखादा घाट, किनाऱ्याचा रस्ता, नदीची घळ, जंगलातला टापू. हे तुकडे नकाशावर पसरले की प्रवासाची दिशा त्यातूनच ठरते आणि उरते ते त्यांना जोडण्याचे काम. जोडरस्ते सगळेच्या सगळे सुंदर असावेत हा हट्ट धरू नये, नाहीतर अंतर फुगत जाते. काही प्रदेशांत असा कणा आयताच मिळतो. फ्रान्समधील ‘रूत दे ग्रांद आल्प’ हा मार्ग जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रावरील नीस शहरापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर खिंडीमागून खिंड ओलांडत जातो आणि त्यात २,७६४ मीटर उंचीची इझेराँ खिंडही येते. नॉर्वेने आपल्या १८ रस्त्यांना राष्ट्रीय पर्यटन मार्ग म्हणून अधिकृत दर्जा दिला आहे. अमेरिकेतील ब्लू रिज पार्कवे सुमारे ७५५ किलोमीटर लांबीचा असून त्यावर मालवाहू वाहनांना बंदी आणि बहुतेक भागात ताशी सुमारे ७२ किलोमीटरची वेगमर्यादा आहे. मात्र नावाजलेला रस्ता सुट्टीच्या दिवशी गजबजतो. अमेरिकेतल्याच ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ या रस्त्यावर साधारण १८ किलोमीटरमध्ये ३१८ वळणे आहेत अशी त्याची ख्याती आहे, आणि त्या ख्यातीमुळेच शनिवार-रविवारी तिथे वळणांपेक्षा वाहनांकडे जास्त लक्ष द्यावे लागते. अशा ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे, किंवा शेजारच्या खोऱ्यातला अनाम रस्ता पाहावा. भूगोल तोच असतो, फक्त फलक नसतो.

अंतराचे गणित किलोमीटरमध्ये न मांडता तासांत मांडावे, ही गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. घाटरस्त्यांवर हलत्या गाडीची सरासरी ताशी ४५ ते ५० किलोमीटरच्या वर जाणे अवघड असते. २५० किलोमीटर म्हणजे पाच-साडेपाच तास प्रत्यक्ष गाडीवर आणि त्यात इंधन, जेवण, पाणी, छायाचित्रे, रस्त्याची दुरुस्ती यांचे दोन-अडीच तास मिळवले की आठ तासांचा दिवस भरला. महामार्गावर एका दिवसात ६०० किलोमीटर जाणारा माणूसही लहान रस्त्यावर २५० ते ३०० नंतर थकतो, कारण इथे प्रत्येक वळणाला ब्रेक, गिअर आणि नजर तिन्ही कामाला लागतात. आपले दीड हजार किलोमीटर आडवाटेने सहज दोन हजारांवर जातील. नऊ दिवसांत एक पूर्ण विश्रांतीचा आणि एक अर्धा दिवस सोडला तर रोजचे २७० च्या आसपास पडतात. हे जमण्यासारखे आहे, पण पावसासाठी फारशी सवड उरत नाही. शक्य असल्यास एक दिवस वाढवावा किंवा निवडलेल्यांपैकी एक तुकडा आताच गाळावा. प्रवासात गाळण्यापेक्षा घरी गाळणे सोपे जाते.

मार्ग ठरल्यावर तो यंत्रात उतरवताना बहुतेकांची गफलत होते, म्हणून इथे थोडे तपशिलात जातो. जीपीएक्स या, नकाशाची यंत्रे आणि अ‍ॅप वाचू शकतात अशा फाइलमध्ये मार्ग दोन प्रकारे साठवता येतो. ‘रूट’ म्हणून साठवला तर फाइलमध्ये मोजके बिंदू असतात आणि त्यांच्यामधला रस्ता आपले यंत्र स्वतःच्या हिशेबाने पुन्हा शोधते. ‘ट्रॅक’ म्हणून साठवला तर जवळजवळ अंतराच्या बिंदूंची एक रेघ असते आणि ती बदलत नाही. घरच्या संगणकावर आखलेला सुंदर घाट फोनवर गेल्यावर गायब होऊन बोगदा समोर येतो, त्याचे कारण हेच पुनर्गणन असते. म्हणून दोन्ही फाइली सोबत ठेवाव्यात: वळणाच्या सूचनांसाठी रूट आणि पडताळणीसाठी पडद्यावर ट्रॅकची रेघ. रूटमधला मधला बिंदू टाकताना नकाशा अगदी शेवटपर्यंत मोठा करावा आणि बिंदू दोन चौकांच्या मधोमध, रस्त्याच्या रेघेवर बसवावा. तो चौकात बसवला तर दोन-चार मीटरच्या फरकाने शेजारच्या गल्लीत सरकतो. मग यंत्र आपल्याला त्या गल्लीत नेते, तिथे बिंदू गाठला असे मानते आणि लगेच मागे वळायला सांगते. सामानाने भरलेली गाडी उतारावर, खडी पसरलेल्या अरुंद गल्लीत वळवणे किती कष्टाचे असते हे वेगळे सांगायला नको. दुभाजक असलेल्या रस्त्यावर बिंदू पलीकडच्या बाजूला पडला तरी हाच प्रकार होतो. एका दिवसाची एक फाइल करावी, तिला दिवसाचा क्रमांक द्यावा, आणि त्या प्रदेशाचा नकाशा नेटवर्कशिवाय उघडेल अशा रीतीने आधीच उतरवून घ्यावा. टाकीवरच्या पिशवीच्या खिडकीत गावांची नावे क्रमाने लिहिलेली एक चिठ्ठी असली की फोन तापून बंद पडला तरी दिवस वाया जात नाही.

रस्त्याचा पृष्ठभाग आधी पाहून घेण्यासाठी नकाशाच्या अ‍ॅपमधली रस्त्याच्या पातळीवरची छायाचित्रे (स्ट्रीट व्ह्यू) फार उपयोगी पडतात. सगळा रस्ता पाहण्याची गरज नसते. चार-पाच ठिकाणची, विशेषतः तीव्र वळणांवरची, छायाचित्रे उघडून पाहावीत. वळणाच्या आतल्या बाजूला डांबराची कड तुटलेली आणि खडी आत आलेली दिसली, तर चारचाकी गाड्या ते वळण कापून जातात असे समजावे. डांबरावर काळ्या चकचकीत पट्ट्या दिसल्या, तर त्या भेगा भरण्यासाठी ओतलेल्या डांबराच्या असतात. पावसात त्यांच्यावरून टायर घसरतो, आणि कडक उन्हात त्या मऊ झाल्यावरही पकड कमी होते. चित्र कोणत्या वर्षी घेतले आहे तेवढे मात्र बघून घ्यावे.

इंधनाचा हिशेब साधा आहे. टाकी १३ लिटरची आणि गाडी लिटरला ३० किलोमीटर देत असेल, तर कागदावर ३९० किलोमीटर होतात; घाटात, सामानासह, त्यातले दोन तृतीयांश धरावेत आणि २५० च्या आत पंप येईल अशी आखणी करावी. वर उल्लेख केलेल्या ब्लू रिज पार्कवेवर एकही पंप नाही, इंधनासाठी रस्ता सोडून खालच्या गावात उतरावे लागते. अशा जागा नकाशावर आधीच खुणावून ठेवाव्यात. अनेक गाड्या बरोबर असतील तर सर्वांत लहान टाकीची गाडी पल्ला ठरवते.

ऋतू आणि वेळ यांचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो. उंच खिंडी हिवाळ्यात बंद असतात. आल्प्समधल्या सर्वांत उंच खिंडी साधारण मेअखेर ते जूनमध्ये उघडतात आणि शरद ऋतू सरताना पुन्हा बंद होतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या त्या भागाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्थिती पाहावी. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पायथ्याशी २५ अंश असले तर दोन हजार मीटर वर १२ अंशांची तयारी हवी, आणि वाऱ्यामुळे ते आणखी कमी भासते. उन्हाळ्यात डोंगरांवर ढग दुपारनंतर दाटून येतात, म्हणून खिंडीच्या अलीकडच्या गावात मुक्काम करून ती सकाळी ओलांडावी. त्या वेळी रहदारीही नसते. उत्तर गोलार्धात डोंगराच्या उत्तर अंगाला सूर्य उशिरा पोहोचतो, तिथली वळणे दहा वाजेपर्यंत ओली राहू शकतात. दिवसाचा शेवटचा टप्पा शक्यतो पश्चिमेकडे नसावा. मावळतीचा सूर्य हेल्मेटच्या काचेवर आला की समोरचे काहीच दिसत नाही.

नियमही पाहून घ्यावेत. दक्षिण कोरियासारख्या देशात द्रुतगती मार्गावर मोटरसायकलला मुळातच प्रवेश नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न आपोआप सुटतो. उलट काही निसर्गरम्य रस्त्यांवरच दुचाकींवर बंधने असतात. ऑस्ट्रियातील टिरोलच्या काही रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळी हंगामात, गाडी जागेवर उभी असताना मोजलेला आवाज ९५ डेसिबलपेक्षा जास्त नोंदलेल्या मोटरसायकलींना बंदी आहे, आणि तो आकडा गाडीच्या कागदपत्रांवरून पाहिला जातो. जर्मनीतील काही घाट शनिवार-रविवारी दुचाकींसाठी बंद असतात.

एका बाबतीत मी आपल्या अटीशी थोडा असहमत आहे. मोठ्या शहरातून बाहेर पडताना पहिले तीस-चाळीस किलोमीटर उपनगरांतून रखडत जाण्यापेक्षा, परवानगी असेल तर, तेवढ्यापुरता द्रुतगती मार्ग घ्यावा आणि पहिल्या डोंगराच्या पायथ्याशी त्याला सोडावे. अट मोडायचीच नसेल तर रविवारी पहाटे निघावे. तसेच दर दिवसाच्या आखणीत, साधारण दुपारच्या ठिकाणापासून मुक्कामापर्यंत जवळचा आणि रुंद रस्ता कोणता, हे लिहून ठेवावे; पाऊस, पंक्चर किंवा थकवा आल्यास तो घेता येतो आणि ठरलेला मुक्काम हुकत नाही. शेवटच्या दिवसाचे अंतर निम्मेच ठेवावे, म्हणजे परक्या शहरात संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी शिरावे लागणार नाही आणि आदल्या दिवशी राहून गेलेला एखादा तुकडा सकाळी पुरा करता येईल.