थंडी पडली आणि अंथरूण पुन्हा ओलं होऊ लागलं

डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. तो विचारताना आवाज खाली येतो. मूल शेजारी असेल तर आधी त्याला बाहेर खेळायला पाठवलं जातं, आणि मग विचारतात, "मॅडम, चांगली दोन वर्षं कोरडी झोपायची. थंडी सुरू झाली तसं पुन्हा अंथरूण ओलं करते. आता एवढ्या मोठ्या मुलीचं काय करायचं?"

निफाड तालुक्यातल्या अशाच एका घराबद्दल लिहितेय. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे छकुली म्हणते. सात वर्षांची, दुसरीत शिकणारी. घरात आईवडील, आजी आणि दीड वर्षाचा भाऊ. द्राक्षबाग आहे. निफाडची थंडी आपल्याकडे सगळ्यांना बातम्यांतून माहीत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला की शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. या घरातही त्या दिवसांत वडील पहाटेपासून बागेत असायचे आणि आई मोरीत ओली गोधडी धूत बसलेली असायची.

ही गोधडी विसरून चालणार नाही. जुन्या साड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी ओली झाली की एका बाईला उचलत नाही. थंडीत ऊन उशिरा येतं, लवकर उतरतं, त्यामुळे ती दिवसभरात वाळत नाही. पाणी गार, लहानगा रडतोय, व्हॅन यायची वेळ झालीय. अशा वेळी तोंडून "मुद्दाम करतेस का गं तू?" असं निघून जातं. आई हे सांगताना रडली. तिला मी म्हटलं, "ताई, तुमचा राग गोधडीवरचा आहे, तो पोरीवर निघतोय. आधी गोधडीचा बंदोबस्त करू." पुढे त्यांनी बाजारातून मेणकापड आणलं, त्यावर जुन्या सुती साडीच्या घड्या घातल्या आणि गोधडी फक्त पांघरायला ठेवली. सकाळी धुवायला उरली एक साडी. घरातलं अर्धं भांडण तिथेच मिटलं.

बोलता बोलता आणखी एक कळलं. गोधडी वाळत नाही म्हणून रात्री ती खोलीतच कोळशाच्या शेगडीजवळ पसरायची, दारं-खिडक्या घट्ट लावायची आणि मुलांना तिथेच झोपवायचं. खोलीही उबदार राहते, असा विचार. मी तिथेच समुपदेशन थांबवलं आणि आधी हे बंद करायला सांगितलं. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतल्या माणसाला काही कळायच्या आत तो शुद्ध हरपवतो, आणि दरवर्षी हिवाळ्यात अशाने माणसं दगावतात. शेगडीवर हात शेकायचे तर अंगणात किंवा ओसरीवर, आणि झोपायच्या खोलीत मुळीच नाही. हे आजींनाही समोर बसवून सांगितलं, कारण शेगडी पेटवायच्या त्याच.

आता छकुलीकडे येऊ. आईने मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं की लहान भावंड आलं की मोठं मूल असं वागतं. असं होतं, नाही असं नाही. पण भाऊ झाला तेव्हा छकुली कोरडीच झोपत होती, आणि हे सुरू झालं दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर, थंडी वाढत गेली तसं. मी आईला कालनिर्णयवर एक काम दिलं. रात्र ओली गेली तर त्या तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ठिपका काढायचा, पोरीला न सांगता. पुढच्या भेटीला त्यांनी ते पानच फाडून आणलं. ठिपके शाळेच्या दिवसांवर दाटलेले होते. रविवारची रात्र बहुतेक कोरडी होती आणि नाताळच्या सुट्टीचा पट्टा जवळजवळ स्वच्छ.

म्हणजे कारण शाळेच्या बाजूला होतं. नीट कोरडं झालेलं मूल सहा महिन्यांहून जास्त काळाने पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं की काही गोष्टी विचाराव्याच लागतात: कुणी मारतं का, धमकावतं का, व्हॅनमध्ये, शाळेत किंवा शेजारी कुणी नकोसा हात लावतं का. हे मी आईला बाहेर बसवून, खेळता खेळता, घाई न करता विचारते. सुदैवाने इथे तसं काही नव्हतं. कुणाला असा संशय आला तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, हेही इथेच सांगते.

मग मी तिला शाळेचा नकाशा काढायला लावला. लहान मुलांना "शाळा आवडते का?" असं विचारलं की ती "हो" म्हणतात, आणि गोष्ट तिथेच संपते. नकाशात मात्र ती फिरवून आणतात. छकुलीने वर्ग काढला, मैदान काढलं, घसरगुंडी, मॅडमची खुर्ची. कोपऱ्यात चार चौकटी काढल्या आणि त्यांच्याखालची सगळी जागा निळ्या खडूने गिरवून काढली.

"हे काय गं?"

"टॉयलेट."

"आणि हे निळं?"

"पाणी. तिथलं पाणी चावतं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभर गारठलेलं असतं. ते सकाळी नळाला येतं आणि धुताना अक्षरशः झोंबतं. फरशी ओली असते, त्यामुळे बूट-मोजे भिजतात, आणि एकदा मोजे भिजले की शाळा सुटेपर्यंत पाय गार. त्यात मधल्या सुट्टीतच जायचं असा नियम, आणि त्या वेळी तिथे मोठ्या मुलींची रांग. सात वर्षांच्या डोक्याने यावर उत्तर शोधलं होतं: तिथे जायचंच नाही. जायला लागू नये म्हणून प्यायचंच नाही. आईने दुजोरा दिला. पाण्याची बाटली जशी भरून दिली तशीच परत यायची. त्यांना वाटायचं, थंडी आहे, तहान लागत नसेल.

रात्री काय होतं ते आता नीट समजून घेऊ. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे सरकतं आणि मूत्रपिंडं ते जास्तीचं पाणी समजून बाहेर टाकू लागतात. घामही येत नाही. त्यामुळे तेवढ्याच पाण्याची लघवी जास्त होते. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण २४० मिली मावतं, म्हणजे मोठा पेलाभर. आता छकुलीचा दिवस बघा. सकाळपासून जेमतेम दोन घोट. साडेचारला घरी आली की तांब्याभर पाणी घटाघटा, मग आजीबरोबर कपभर चहा, रात्री झोपताना गरम दूध. अख्ख्या दिवसाचं पाणी चार-पाच तासांत पोटात. त्यावर गाढ झोप, बाहेर अंगणापलीकडचा अंधारा संडास आणि अंगावर ऊबदार गोधडी. पाणी कमी पडल्याने शौचाला खडा होत होता तो वेगळाच. आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तो भरलेला राहिला की मूत्राशयावर दाब येतो आणि त्यात कमी मावतं. या बद्धकोष्ठतेकडे घराघरांत दुर्लक्ष होतं, हे मी फार बघितलंय.

मी डॉक्टर नाही. म्हणून माझं पहिलं पाऊल नेहमी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवण्याचं असतं. त्यांनी लघवी आणि रक्तातली साखर तपासली, दोन्ही ठीक निघाली. बद्धकोष्ठतेवर औषध दिलं. हे तपासणं टाळू नका. मूल सारखं पाणी मागतंय, खूप लघवी करतंय आणि वजन उतरतंय, असं असेल तर मधुमेह असू शकतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लघवी करताना जळजळ, ताप, दिवसाही कपडे ओले होणं, रोज रात्री मोठ्याने घोरणं या गोष्टीही डॉक्टरांना सांगायच्या असतात.

सातव्या वर्षी शंभरातली पाच ते दहा मुलं रात्री अंथरूण ओलं करतात. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमच्या वेळी कुणी बोलायचं नाही का?" नव्हतंच बोलत. आणि छकुलीला त्यांनी "शेजारच्या काकूंना सांगते हां" असा जो धाक घातला होता, तो त्याच दिवशी त्यांनी स्वतःहून मागे घेतला. मूल झोपेत हे ठरवून करत नाही. त्यामुळे शिक्षेने ते थांबत नाही, भीतीने उलट वाढतं.

संध्याकाळी पाणी पूर्ण तोडायचं, हा उपाय घरोघरी केला जातो आणि मला तो अजिबात मान्य नाही. मूल तहानेलं झोपतं आणि मूळ कारण तिथेच राहतं. दिवसाचं पाणी पुढे सरकवायचं असतं. लिटर-सव्वा लिटरचे साधारण चाळीस टक्के दुपारपर्यंत, चाळीस टक्के दुपारनंतर शाळा सुटेपर्यंत, आणि संध्याकाळी उरलेले वीस. छकुलीला स्टीलच्या थर्मासमध्ये कोमट पाणी द्यायला सुरुवात केली. संध्याकाळचा चहा बंद, कारण चहाने लघवीला घाई होते. दूध रात्रीऐवजी शाळेतून आल्याबरोबर. झोपण्यापूर्वी एकदा लघवीला जायचं, गोष्ट ऐकायची, दिवा मालवायच्या आधी पुन्हा एकदा जायचं. रात्री अंगणातल्या संडासाचा दिवा चालू, खाटेखाली चपला आणि लोकरीचे मोजे, आणि हाक मारली की आई किंवा आजी सोबत येणार, न कुरकुरता. झोपेतच उचलून नेऊ नका, असंही सांगितलं. न्यायचंच तर पूर्ण जागं करून.

सकाळचा प्रश्न मात्र जरा अवघड होता. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. लहान मुलांची झोप व्हावी हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण व्हॅन चार वाड्या-वस्त्या फिरते, त्यामुळे छकुलीच्या दारात ती पावणेआठलाच उभी राहायची. उठल्यावर संडासला निवांत बसायला वेळच नाही. शेवटी वडिलांनी व्हॅनवाल्या काकांशी बोलून तिचा थांबा फेरीच्या शेवटी घेतला. वीस-पंचवीस मिनिटं मिळाली. कोमट पाणी, पोटभर नाश्ता आणि मग दहा मिनिटं शांत बसणं, एवढ्याने पोट मार्गी लागू लागलं. बापाने हे मनावर घेतलं याचं मला विशेष वाटतं. असले प्रश्न आईच्याच अंगावर टाकले जातात.

शाळेत मी आईवडिलांबरोबर गेले. मुख्याध्यापिका आधी जरा सावध होत्या. शाळेत मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, आणि ती इथे होतीही. पण असणं निराळं आणि सात वर्षांच्या मुलीला जानेवारीत ती वापरता येणं निराळं. तिथे शाळेच्या मावशींना बोलावलं. त्यांना सगळं माहीत होतं. म्हणाल्या, "मॅडम, बारक्या पोरी येतात आणि दारातूनच माघारी फिरतात. मला कोणी विचारलंच नाही." त्यांनीच उपाय सुचवला: सकाळी दोन बादल्या भरून मैदानाच्या कडेला उन्हात ठेवायच्या. दहा-साडेदहापर्यंत पाण्यातला चावा निघून जातो. सुट्टीच्या आधी आणि नंतर फरशी कोरडी पुसायची, दाराशी तागाचं पायपुसणं टाकायचं. पहिली-दुसरीच्या मुलांनी मधल्या सुट्टीची वाट न बघता, जोडीने, मॅडमना सांगून जायचं. वर्गाच्या कपाटात कोरड्या मोज्यांचे काही जोड. केरळच्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली होती. तशी घंटा इथे वर्गशिक्षिकेने आपल्या वर्गापुरती सुरू केली. यात खर्च म्हणाल तर मोज्यांचा आणि पायपुसण्याचा.

वर्गात कुणाचं नाव घ्यायचं नाही, ही माझी एकच अट होती. ती वर्गशिक्षिकेने काटेकोर पाळली. पुढच्या पालकसभेत तिने सगळ्यांनाच विचारलं, "बाटली भरलेली परत येते का?" बरेच हात वर झाले.

छकुलीचं सुधारणं सरळ रेषेत झालं नाही. जानेवारीच्या मध्याला ठिपके विरळ झाले. मग थंडीची मोठी लाट आली, मावशी रजेवर गेल्या, बादल्या उन्हात ठेवायच्या राहिल्या, आणि लागोपाठ काही रात्री पुन्हा ओल्या गेल्या. आईचा धीर सुटायला आला होता. मी त्यांना कॅलेंडरचं डिसेंबरचं पान काढून शेजारी ठेवायला सांगितलं, तेव्हा त्या सावरल्या. फेब्रुवारी संपेपर्यंत एखाददुसरी रात्र सोडली तर अंथरूण कोरडं होतं.

आजींनी शेवटच्या भेटीत विचारलं, "ऊन पडायला लागलं, आता गेलंच ना हे?" उन्हाळ्यात घाम येतो, त्यामुळे रात्री कोरड्या जातील हे खरं. पण लघवी धरून ठेवण्याची सवय ऋतू बघून जात नाही, आणि तिच्यातून पुढे लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. म्हणून कोमट पाण्याचा थर्मास आता साध्या पाण्याचा झाला तरी दुपारपर्यंत अर्धा संपायला हवा, हे कायम ठेवायला सांगितलंय. आणि जूनमध्ये छकुली तिसरीत जाईल तेव्हा नव्या वर्गशिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात भेटून यायचं, हे त्यांनी माझ्यासमोरच कॅलेंडरवर लिहून ठेवलं.