गरोदरपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत हलकं स्पॉटिंग (रक्ताचे थोडे डाग) दिसलं तर

अगं, आधी श्वास घे. पहिल्या 3 महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार स्पॉटिंग होतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं नीट होतं. तपकिरी किंवा फिकट गुलाबी डाग, पुसताना दिसणारे, हे बहुतेकदा जुनं किंवा अगदी थोडं रक्त असतं, कधी गर्भ रुजताना येतं, कधी संबंधानंतर किंवा आतून सोनोग्राफी केल्यावर, कारण तेव्हा गर्भाशयाचं तोंड नाजूक झालेलं असतं. तरी डॉक्टरांना आजच फोन कर, पुढच्या व्हिजिटची वाट बघू नकोस. पॅड लाव म्हणजे किती जातंय ते कळेल, आणि रंग, वेळ लिहून ठेव. डॉक्टर बीटा एचसीजी (गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी) 48 तासांनी परत करायला सांगतील, एका आकड्यावरून काही ठरत नाही गं.

तुझा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर ते आधी सांग, अँटी-डीचं इंजेक्शन (बाळाच्या रक्ताविरुद्ध तुझ्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) लागू शकतं. मैत्रिणीच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मनाने घेऊ नकोस. पण लालभडक रक्त, तासात पॅड भिजणं, पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांदा दुखणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल, गाडी नसेल तर 108 ला फोन लाव.